‘संपूर्ण वनौषधी’ म्हणजे नेमकं काय, साहेब?

मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य,
आणि नागपूर, उदगीर व शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयांतले प्राध्यापक यांस,

स. न. वि. वि.

मी भंडारा जिल्ह्यातला मत्स्यबीज संवर्धक. जुलैत कटला, रोहू, मृगळचे जिरे, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं, आणतो, दोन बोड्यांमध्ये, म्हणजे लहान तळ्यांमध्ये, वाढवतो आणि दिवाळीच्या आगेमागे त्यांची बोटाएवढी बोटुकली करून आसपासच्या मच्छीमार संस्थांना देतो. त्या संस्था ती मामा तलावांत सोडतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारांची जमीनदारी गेली, ‘माजी मालगुजारी’चं ‘मामा’ झालं, पण तलाव आहेत आणि ढिवरांची, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाची, चूल अजून त्यांच्यावरच पेटते. या पत्रात मोठ्या माशांचा विषय नाही. बोटभर, किंवा बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिल्लांच्या खाद्यात हल्ली जे मिसळलं जातं, त्याबद्दल लिहितो आहे.

आमच्याकडे मोटारसायकलवर पुड्या येतात. विकणारा पोरगा चांगल्या घरचा, बोलायला गोड. पुडीवर उडी मारणारा मासा, बाजूला तुळशीचं पान, आणि खाली ठळक अक्षरांत ‘१०० टक्के वनौषधी, कोणताही दुष्परिणाम नाही’. आत पिवळसर तपकिरी भुकटी. वास घेतला तर हळद कळते, लसूण कळतो, थोडा हिंगासारखा काहीतरी उग्रपणा. बाकी काय आहे ते वासाने कळत नाही आणि पुडीवर लिहिलेलं नसतं. कुठली वनस्पती, तिचं मूळ घेतलं की पान, किती ग्रॅम, किती वजनाच्या माशाला, किती दिवस, यातलं काही नाही. ‘एका एकराला दोन पुड्या’ एवढंच. एका एकरात माझी वीस हजार पिल्लं आहेत की दोन लाख, याच्याशी पुडीला काही देणंघेणं नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचाच होता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि पत्राचा मुद्दाच तो आहे. भाद्रपद होता. पोळा होऊन गेला होता, पाऊस थांबला होता, पण तीन दिवस आभाळ भरलेलं. काही पिल्लांचे पर झडल्यासारखे दिसत होते, म्हणून पुडी सुरू केली. चौथ्या दिवशी पहाटे बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो तर पाण्याच्या कडेकडेने पांढरी रेघ. आधी वाटलं फेस असेल. खाली बसून हात घातला तर बोटुकली. बायकोने घमेलं आणलं. पहिलं घमेलं भरेपर्यंत मी मोजत होतो, नंतर मोजायचं सोडून दिलं.

फोन लावला तर पोरगा म्हणाला, ‘काका, पाण्याचा प्रॉब्लेम असंल.’ राग आला. पण रात्री डोकं शांत झाल्यावर वाटलं, तो बरोबरही असू शकतो. तीन दिवस ऊन नाही म्हणजे पाण्यातल्या हिरवळीने प्राणवायू तयार केलेला नाही, आणि रात्रभर तीच हिरवळ असलेला प्राणवायू खात बसते. अशा वेळी पहाटे मासे तोंड वर काढतात हे मला पोराच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. खाद्य बंद करायला हवं होतं. मी बंद तर केलंच नाही, उलट पुडीची मात्रा दुप्पट केली. झाडपाला आहे, जास्त गेला तर काय बिघडणार आहे, असं मनात आलं होतं. आता विचारा मला, पिल्लं कशाने मेली? ढगाने, दुप्पट पुडीने, की आधीच लागलेल्या रोगाने? उत्तर नाही. शेजारच्या बोडीत पुडीशिवायची पिल्लं ठेवली असती तर तुलना करता आली असती. पुडीत काय आहे हे लिहिलेलं असतं तर निदान कुणाला विचारता आलं असतं.

‘झाडपाल्याने काय बिघडतं’ हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नव्हतं. आमच्या भागात त्याचं उत्तर प्रत्येक घराला माहीत आहे. जिरे सोडण्याआधी बोडीतली मरळ आणि बाकीचे शिकारी मासे मारायला आम्ही काय टाकतो? मोहाच्या बियांची ढेप. हेक्टरी अडीच हजार किलो, असं मत्स्यशेतीच्या माहितीपुस्तिकांतही छापलेलं असतं. मीटरभर पाणी धरलं तर लिटरला पाव ग्रॅम पडते. तिच्यातलं सॅपोनिन कल्ल्यांतून आत शिरतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. काही तासांत मासे वर येतात. ती ढेप शंभर टक्के वनौषधीच आहे, साहेब. आणि गंमत बघा, दोन-तीन आठवडे गेले की तिच्यातलं विष उतरतं, तीच ढेप पाण्यात कुजून खत होते, त्या खतावर बारीक जीव वाढतात आणि ते जीव खाऊन आमचे जिरे वाढतात. एकाच बोडीत, एकाच ढेपेने आधी मासे मरतात आणि मग पोसले जातात. मधे फक्त दिवस जातात आणि मात्रा उतरते. कडुलिंबाचंही तेच. पाला जास्त झाला की पिल्लं उलटी होतात.

हे सगळं वाचून मी वनौषधींच्या विरोधात आहे असं समजू नका. मला त्या हव्या आहेत, आणि त्याचं कारणही तुमच्यापुढे ठेवतो.

माझ्या बोडीचं पाणी माझ्या एकट्याचं नाही. सांडव्यातून ते धानाच्या बांधीत जातं, तलावावर गुरं पाणी पितात, बाया कपडे धुतात. पिल्लांच्या पोटात पाणी व्हायला लागलं, शेपट्या सडायला लागल्या की गुरांच्या औषधांच्या दुकानातून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक आणून खाद्यात कालवायचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झालेला आहे. हे असंच चाललं तर जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात, आणि तेच जंतू पुढे कुणाच्या तरी नातवाच्या पायाच्या जखमेत शिरतात. विकायच्या माशात ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही प्रतिजैविकं तर चालतच नाहीत. २०१९ मध्ये केंद्राने कोलिस्टिन हे औषध कोंबड्या, गुरं आणि मासे यांच्यासाठी बंद केलं. युरोपने जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं २००६ पासूनच थांबवलं. त्यामुळे बाजार झाडपाल्याकडे वळणार हे ठरलेलं होतं, आणि वळला ते बरंच झालं.

शिवाय पिल्लांच्या बाबतीत त्याला आधार आहे. लहान माशाच्या अंगात ओळखीच्या जंतूशी लढायची ताकद यायला आठवडे लागतात. तोवर त्याची भिस्त जन्मजात संरक्षणावर असते. त्यात त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर येतो, रक्तातलं लायसोझाइम येतं, जंतू गिळणाऱ्या पेशी येतात. लसूण, हळद, आवळा, अश्वगंधा, गुळवेल यांनी हे संरक्षण जागं होतं का, यावर आपल्याच देशातल्या संशोधकांनी काम केलेलं आहे. रोहूच्या बोटुकल्यांना लसूण दिला, हळद दिली, आंब्याच्या कोयीचं पीठसुद्धा दिलं, आणि मग एरोमोनास जंतू टोचून किती वाचतात ते पाहिलं. मात्रा बघाल तर किलोभर खाद्याला ग्रॅम-दोन ग्रॅमपासून दहा ग्रॅमपर्यंत. म्हणजे चिमटीपासून चमच्यापर्यंत. ‘एकराला दोन पुड्या’ अशी भाषा त्यात कुठेही नाही.

प्राध्यापक मंडळींना इथे एक विनंती. ते प्रयोग काचेच्या किंवा प्लास्टिकच्या टाकीत होतात. पाणी रोज बदललेलं, हवा सोडलेली, खाद्य एकसारख्या दाण्याचं. माझ्या बोडीत पाणी बदलत नाही. हवा देवाने सोडली तर सोडली. खाद्य म्हणाल तर शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा, निम्मं निम्मं. पावसाळ्यात ती ढेप गोदामात चार दिवस ओली राहिली तर तिला बुरशी लागते, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि पिल्लाचं यकृत आधी त्यानेच बसतं. यकृताला बळ देणारी म्हणून जी पुडी मी आणतो, ती बुरसटलेल्या ढेपेत कालवली तर तिचा काय उपयोग? टाकीत हा प्रश्न येतच नाही. बोडीत तो पहिला येतो.

वयाचीही एक गोष्ट आहे, ती विकणाऱ्याला माहीत नसते, किंवा असूनही तो सांगत नाही. ‘काका, पहिल्या दिवसापासून द्या.’ पहिल्या दिवशी जिऱ्याला तोंडच उघडलेलं नसतं. पहिले तीन दिवस ते पोटाला चिकटलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतं. त्यानंतर त्याला हवे असतात रोटिफर, पाण्यातले पिसू, म्हणजे ज्याला तुम्ही प्राणीप्लवंग म्हणता ते. कार्पच्या, म्हणजे कटला-रोहू-मृगळच्या जातीच्या, पोटात जठर नसतं, नुसतं आतडं, आणि त्या वयात तेही कच्चं. तेव्हा हळदीची पूड टाकणं म्हणजे हळद पाण्यात टाकणं. त्या पंधरा-वीस दिवसांत काय चालतं ते मी सांगतो: आधी शेणाचं पाणी, म्हणजे प्लवंग धरतात. आणि जिरे सोडायच्या आदल्या दिवशी साबण-तेलाचं मिश्रण, म्हणजे पाण्यातले किडे वर श्वास घ्यायला आले की गुदमरून मरतात. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, हे प्रमाण मला तोंडपाठ आहे. ते एक काम चुकलं तर ते किडे एका रात्रीत निम्मं जिरं फस्त करतात, आणि मग कुठलीही वनौषधी कुणासाठी द्यायची?

जिऱ्याचं बीज, म्हणजे बोटुकलीच्या आधीची पायरी, होईतो शंभरातली तीस-चाळीस हाती लागली तरी आम्ही खूश असतो. पुढे बिजाची बोटुकली होईतो त्यातली साठ-सत्तर टक्के. या दुसऱ्या टप्प्यात, जेव्हा पिल्लू ढेप-कोंडा खायला शिकलेलं असतं, तेव्हाच खाद्यातल्या लसणाला काही अर्थ आहे. पुड्यांवर हा फरक लिहिला तरी अर्धं काम होईल.

आता माझ्या लसणाचं सांगतो, कारण पुडी बंद केल्यावर मी तिकडे वळलो. सोललेला लसूण खलबत्त्यात ठेचायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन, म्हणजे लसणाचं औषधी द्रव्य, नसतं. पाकळी चिरडली की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि ते तयार होतं. आधी भाजला किंवा उकळला तर ते घडायचंच राहतं, नुसता वास उरतो. मग कणीची घट्ट पेज करायची, कोमट झाली की त्यात लसूण घालायचा आणि रात्रभर भिजवलेल्या ढेप-कोंड्यात कालवून गोळे करायचे. परातीला चार टोकांना दोऱ्या बांधून दीड हात पाण्याखाली सोडायची. पेज नसेल तर लसूण पाण्यात सुटतो. कोरड्या खाद्यावर पुडी भुरभुरली की तेच होतं, अर्धी पुडी माशाच्या तोंडात जाण्याआधी पाण्यात. माझी बायको म्हणते, माझ्या भाजीला एवढं जपून कधी लसूण टाकला नाहीस.

खर्च बघा. पाच ग्रॅमची एक लाख बोटुकली म्हणजे पाचशे किलो मासा. वजनाच्या पाच टक्के खाद्य धरलं तर रोज पंचवीस किलो. किलोला दहा ग्रॅम लसूण म्हणजे रोज पाव किलो, साठ दिवसांत पंधरा किलो. पिल्लं वाढत जातात, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. २०२४ साली लसूण चारशे रुपये किलोवर गेला होता. त्या भावाने सहा हजार. मला ते परवडतं की नाही हे एका गोष्टीवर ठरतं, लसणाने किती बोटुकली जास्त वाचतात. आणि नेमकं तेच मला कुणी सांगत नाही.

म्हणून मी स्वतःच पाहायचं ठरवलं. एकाच बोडीत सहा हापे, म्हणजे पाण्यातले जाळीचे पिंजरे, बांधले, प्रत्येकात मोजून शंभर रोहू. तीन हाप्यांना लसणाचं खाद्य, तीन हाप्यांना साधं. साठ दिवस वहीत लिहिलं. लसणाच्या हाप्यांतली परात लवकर रिकामी व्हायची, हे अगदी डोळ्यांना दिसत होतं. पण शेवटी जिवंत किती, याचा हिशेब केला तर तीन लसणाच्या हाप्यांपैकी एक हापा साध्यांपेक्षाही मागे निघाला. त्याच्या जाळीला शेवाळ जास्त धरलं होतं, पाणी खेळत नव्हतं. मग फरक लसणाचा की शेवाळाचा? वही घेऊन मी एका सरांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, वही चाळली आणि म्हणाले, ‘सहा हाप्यांवरून काही म्हणता येत नाही, पण तुम्ही बरोबर रस्त्याला आहात.’ त्या रस्त्याला मी एकटाच का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आज विचारतो.

आयुक्त साहेब, एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. आम्ही पेढे वाटले. दर्जा शेतीचा आहे तर शेतीतला एक अनुभवही आम्हाला लागू करा. बियाण्याला १९६६ चा कायदा आहे, कीटकनाशकाला १९६८ चा, खताला १९८५ चा नियंत्रण आदेश. तरी कित्येक वर्षं शेतकऱ्याच्या माथी समुद्री शेवाळाचा अर्क, ह्यूमिक, अमिनो आम्ल अशा बाटल्या मारल्या जात होत्या, कारण त्या ना खतात बसत होत्या ना औषधात. २०२१ मध्ये केंद्राने खत आदेशातच जैव-उत्तेजकांचं प्रकरण घातलं, म्हणजे बाटलीत काय आहे आणि त्याने काय होतं हे दाखवल्याशिवाय विकायची नाही. माशांच्या पुड्या आज तिथेच उभ्या आहेत जिथे त्या बाटल्या २०२१ च्या आधी होत्या. कार्पच्या खाद्यासाठी मानक ब्युरोचं आयएस १६१५० हे मानक आहे. प्रथिनं किती, स्निग्ध किती, ओल किती, सगळं त्यात येतं. चांगल्या कंपनीच्या खाद्याच्या गोणीवर ते आकडे छापलेले असतात. त्या गोणीवर भुरभुरायच्या पुडीवर मात्र तुळशीचं पान.

केंद्राने कायदा करेपर्यंत राज्य काय करू शकतं, असं तुम्ही म्हणाल. एक गोष्ट तुमच्या हातात आहे. कुठल्याही योजनेच्या संचात, अनुदानाच्या यादीत, प्रशिक्षणात वाटायच्या पिशवीत जी पुडी जाईल, तिच्यावर मराठीत लिहिलेलं असलंच पाहिजे: वनस्पतीचं नाव, तिचा कुठला भाग, मुख्य द्रव्याचं प्रमाण, किलोभर खाद्याला किती ग्रॅम, माशाचं वय किंवा वजन, किती दिवस द्यायची, कधी द्यायची नाही आणि मुदत. ‘कधी द्यायची नाही’ हे मुद्दाम मागतो आहे. ढगाळ दिवसांत खाद्य थांबवा, हे एक वाक्य त्या पुडीवर असतं तर मी घमेलं उचललं नसतं. निदान दुप्पट तरी टाकलं नसतं.

मुख्य द्रव्याच्या प्रमाणाचा आग्रह का, तेही सांगतो. हळद सगळीकडे सारखी नसते. आमच्या विदर्भातच वर्धा जिल्ह्यात वायगावची हळद होते, तिला भौगोलिक मानांकन आहे आणि कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, जास्त म्हणून तिची ख्याती. बाजारातल्या दुसऱ्या हळदीत ते निम्मंही नसेल. मग ‘एक टक्का हळद’ म्हणजे किती औषध? त्यात पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळलेली हळद असेल तर मी पिल्लांना शिसं चारतोय आणि पुढे कुणाच्या तरी ताटात वाढतोय. गुळवेलीचंही तसंच. तिच्या नावाखाली तिच्याच जातकुळीतली दुसरी वेल विकली जाते. वाळवून भुकटी केल्यावर माझ्या आजोबालाही फरक ओळखता आला नसता, आणि तो वैदू होता. लसणाच्या अर्काच्या पुडीवर एक वर्षाची मुदत असते. ठेचलेल्या लसणातलं ॲलिसिन काही दिवसांत उतरतं. अर्क टिकाऊ केला असेल तर कसा केला, ते कंपनीने सांगावं. आणि ज्या खाद्याचे दाणे शंभर अंशांवरच्या यंत्रातून काढतात, त्यात आधीच मिसळलेल्या लसणाचं काय होतं, तेही.

चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९८८ मध्ये माशांच्या अंगावर व्रण पडायची साथ देशात शिरली, तलावच्या तलाव रिकामे झाले. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्यावर सिफॅक्स नावाचं औषध काढलं. ते काही झाडपाल्याचं नाही, पण त्याची मात्रा आमच्यातल्या निरक्षर माणसालाही पाठ होती: मीटरभर पाणी असेल तर हेक्टरी एक लिटर. कुणी दुप्पट टाकत नसे, कारण कुणीतरी आधी मोजून पाहिलं आहे याची खात्री होती. वनौषधींच्या बाबतीत मला तेवढीच खात्री हवी आहे. जास्त नको.

प्राध्यापक मंडळींकडे मागणं वेगळं आहे. तुमचे विद्यार्थी खाद्यावर प्रबंध लिहितात, ते इंग्रजीत असतात आणि कपाटात जातात. त्यातली दोन पानं मराठीत काढून जिल्ह्याच्या कार्यालयात लावा. आणि कृपा करून फक्त यशाची पानं काढू नका. अश्वगंधेने फरक पडला नाही, मेथीने पिल्लं खाईनाशी झाली, शेवग्याचा पाला जास्त झाल्यावर वाढ खुंटली, असं काही निघालं असेल तर ते आम्हाला आधी सांगा. आमचे पैसे तिथेच जातात. दुसरं, एक पावसाळा टाकी सोडून बोडीवर या. पंचवीस-तीस हापे लागतील असं मला त्या सरांनी सांगितलं होतं, दोन-तीन तालुक्यांत विभागून. त्याला मोठा निधी लागत नाही. हाप्याची जाळी, बांबू, वजनकाटा, आणि रोज वहीत लिहिणारा एक माणूस. लिहिणारी माणसं आमच्या संस्थांमध्ये आहेत. बायकांचे बचत गट तर आमच्यापेक्षा नीट लिहितात.

माझ्याच धंद्यातल्या भावांना या पत्रात जाता जाता एक टोला मारल्याशिवाय राहवत नाही. पुडी घेताना आपण भाव करतो, ‘चार घेतल्या तर एक फुकट का’ विचारतो. ‘आत काय आहे’ हे मी स्वतः तीन वर्षं विचारलं नव्हतं. आणि बोडीत दुप्पट जिरं सोडून मग ते तगावं म्हणून औषध शोधायचं, ही आपली जुनी खोड आहे. गर्दीवर लसूण चालत नाही.

साहेब, माझं म्हणणं एवढंच, पुडीवर लिहा आणि बोडीत तपासा. तोवर विभागाच्या कुठल्याही कागदावर ‘वनौषधी असल्याने सुरक्षित’ हे शब्द येऊ देऊ नका. तशाच अर्थाचे शब्द मी ज्या पुडीवर वाचले ती अजून माझ्याकडे आहे. निम्मी भरलेली, तोंडाला रबर लावून धान्याच्या कोठीवर ठेवली आहे. कुणाच्या प्रयोगशाळेत तपासून मिळणार असेल तर पाठवतो.

आणि हापे बांधायचे असतील तर माझी मोठी बोडी वापरा. पाळ यंदाच्या उन्हाळ्यात नवी घातली आहे, पाणी जानेवारीपर्यंत टिकतं. बांबू माझे, बीज माझं. मोजायला तुमचा माणूस पाठवा. मात्र तो पहाटे पाचला पाळीवर उभा राहणारा असावा, नऊला येणारा नको. नऊला माशांकडे बघून काही कळत नाही.

आपला,
एक मत्स्यबीज संवर्धक
जि. भंडारा